कणगीतल्या बाटल्या

उन्हं कलली की पेठच्या अलीकडे, पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला असलेल्या एका दुकानाच्या फळ्यांवर पश्चिमेचा प्रकाश तिरका उतरतो, आणि तिथे ओळीने उभ्या असलेल्या बाटल्या आतून उजळतात. कुठे पातळ मधाचा रंग, कुठे कढईतून नुकत्या काढलेल्या काकवीचा, कुठे दुधाविना केलेल्या चहाचा, तर कुठे चिंचेने घासून लख्ख केलेल्या पितळी समईचा! रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर धडधडत जातात, त्या धक्क्याने बाटल्या एकमेकींना हलकेच टेकतात, आणि किणकिण असा एक नाजूक, सभ्य आवाज उमटतो. त्या क्षणी ते दुकान मला एखाद्या रंगशाळेसारखे प्रसन्न वाटते. दारूच्या दुकानाविषयी इतके कौतुकाने लिहिणारा हा गृहस्थ संध्याकाळी कुठे सापडत असेल, असा तर्क तुमच्या मनात आला असेल, तर तो स्वाभाविक आहे. पण खरं सांगतो, वाचकहो, त्या सुवर्णद्रवाचा एक थेंबही आजवर माझ्या जिभेला लागलेला नाही.

मी जुन्नरला महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमचं घर घोडेगावचं, छप्पन सालानंतर ज्या घरांनी बुद्धाचा मार्ग धरला त्यांपैकी एक. माझे वडील दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणत, आणि पाचव्या शीलाशी आले की त्यांचा आवाज किंचित चढे. मद्यापासून अलिप्त राहण्याचं ते शील त्यांनी नुसतं म्हटलं नाही, आयुष्यभर पाळलं, आणि माझ्याकडून तसा शब्दही घेतला. तो मी पाळला आहे. पण शीलात मद्य पिऊ नये असं सांगितलं आहे, वाचू नये असं कुठे सांगितलं आहे? या पळवाटेतून मी निसटलो आणि गेली कित्येक वर्षं बाटल्यांवरची लेबलं वाचत आलो. काहींना ताम्रपट वाचण्याचा छंद असतो, काहींना शिलालेखांचा. जुन्नरसारख्या लेण्यांच्या गावात राहून मला छंद लागला तो व्हिस्कीच्या लेबलांचा!

हा छंद काही आनंदातून जन्मलेला नव्हता. तो जन्मला एका रुसव्यातून, आणि त्या रुसव्याचं मूळ माझ्या सासुरवाडीत आहे.

माझी पत्नी उज्ज्वला ही घोडेगावच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीतल्या एका गावची. पिढ्यान्‌पिढ्या भातखाचरं राखून असलेलं, गावात मान असलेलं शेतकऱ्याचं घर. आमचं लग्न आम्ही आमचं ठरवलं आणि नोंदणी करून केलं. दोन्हीकडच्या जाती आणि घराणी एकमेकांकडे कसे डोळे वटारून पाहत होती, ते वेगळं सांगायला नको. माझे सासरे आप्पा त्या दिवशी कचेरीत आले, कोपऱ्यातल्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले, साक्षीदार म्हणून त्यांनी सही केली आणि एसटी धरून परत गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. वादळाला तोंड देता येतं, राव! पण असल्या निर्वात शांततेला कुणी कसं तोंड द्यावं?

लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात गावच्या जत्रेचं बोलावणं आलं. आमच्याकडे जत्रा म्हणजे सकाळी देवाचा अभिषेक, दुपारी घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बैलगाड्यांचा थरार, आणि संध्याकाळी घरोघरी मटणाच्या रश्श्याचा घमघमाट. त्या संध्याकाळी पुरुषमंडळी अंगणात घोंगड्या टाकून बसतात आणि मध्ये एक बाटली येते. जावयाने पहिल्या जत्रेला सासऱ्यासाठी चांगली बाटली न्यावी, असा एक अलिखित रिवाज तिकडे रुळला आहे. पूर्वी टोपी-उपरणं नेत, आता काळ पुढे सरकला आहे. हे मला उज्ज्वलाच्या चुलतभावाने सांगितलं, आणि मी गांगरलो. बाटली घ्यायची म्हणजे कोणती? आणि कुठून? जुन्नरच्या दुकानात माझे आजी-माजी विद्यार्थी, घोडेगावात सगळी भावकी, मंचरला वडिलांचे स्नेही. म्हणून मी थेट पेठ गाठलं, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या रंगशाळेसमोर उभा राहिलो.

तिथे कळलं की आपल्या राज्यात बाटली घ्यायलाही परवाना लागतो. मी तो रीतसर काढला, तोही आजीवन! मद्य हे आरोग्याच्या रक्षणासाठी हवं आहे, असा त्या परवान्याचा एकंदर सूर. आणि त्या परवान्यावर घेतलेल्या बाटलीवर ठळक अक्षरात छापलेलं की मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. एकाच शासनाची ही दोन वचनं मी समोरासमोर ठेवून पाहिली, आणि वेदान्तातल्या विरोधाभासांनी जे सुख कधी दिलं नव्हतं ते मला त्या काउंटरवर लाभलं. शेवटी सर्वांत देखणं खोकं असलेली, बारा वर्षं जुनी म्हणवणारी एक विलायती बाटली मी घेतली. किंमत ऐकून पाकिटातल्या नोटा दोनदा मोजल्या, पण जावईपणाची पहिली परीक्षा होती.

आप्पांनी ती बाटली दोन्ही हातांनी घेतली. उलटसुलट करून पाहिली. मग आत माजघरात गेले, जुन्या भाताच्या कणगीवरचं झाकण बाजूला केलं, कोपरापर्यंत हात भातात खुपसला आणि बाटली आत खोल ठेवून दिली. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, “पिकू द्या तिला.” आणि नंतर अंगणात भावकीबरोबर बसून त्यांनी नेहमीच्या दुकानातून आणलेली साधी बाटली फोडली.

तुम्हीच सांगा, याचा अर्थ मी काय घ्यावा? पाहुण्याने आणलेला पेढा कुणी वळचणीला ठेवून दिला आणि त्याच्यासमोर स्वतःच्या घरचे चुरमुरे खाल्ले, तर पाहुण्याने काय समजावं? मला वाटलं, ही बाटली नाकारली, म्हणजे मला नाकारलं. या घरात आपली जागा उंबऱ्यापर्यंत, हे आप्पांनी त्यांच्या अबोल पद्धतीने सांगून टाकलं. मी अंगणातून उठलो आणि मागच्या पडवीत बायका-मुलांत जाऊन बसलो. बाटली मध्ये आली की उठायचं, हे मला तसंही सोयीचं होतं. एक तर शील होतं, आणि दुसरं म्हणजे, माझ्या शेजारी बसायला भावकीतलं कोण कचरतंय हे पाहत बसण्यापेक्षा आपणच आधी उठलेलं बरं, असं मला वाटे.

पण मास्तर माणसाचा रुसवाही अभ्यासू असतो. मी ठरवलं की बाटली चुकली असणार. आप्पांना तिच्यात काहीतरी खटकलं असणार. पुढच्या वर्षी अशी बाटली नेईन की त्यांना फोडावीच लागेल. आणि इथून माझ्या लेबल-अध्ययनाचा आरंभ झाला.

काय काय लिहिलेलं असतं त्या वीतभर कागदावर! सुरुवातीला मला भुरळ पडली ती विशेषणांची. ‘स्पेशल’, ‘प्रीमियम’, ‘रिझर्व्ह’, ‘गोल्ड’. मग ध्यानात आलं की यांतल्या बहुतेक शब्दांना कसलाही आगापीछा नाही. घोडेगावच्या चौकातल्या फ्लेक्सवर ‘कार्यसम्राट’, ‘युवाहृदयसम्राट’, ‘भावी’ असं लिहिलेलं असतं, त्यातलाच हा प्रकार. भावी म्हणायला कुणाची परवानगी लागते? त्यानंतर ‘स्थापना अमुक साली’ असा दिमाखदार मजकूर. पुष्कळ भोळे लोक ते बाटलीतल्या दारूचं वय समजतात. ते कारखान्याचं वय असतं. खानदान शंभर वर्षांचं असलं म्हणून पाळण्यातलं पोर शंभर वर्षांचं होत नाही.

मग ‘ब्लेंडेड’ आणि ‘सिंगल माल्ट’. सिंगल म्हणजे एकाच धान्याच्या दाण्याची किंवा एकाच पिंपाची असं मला वाटे. तसं नाही. एकाच भट्टीवर, नुसत्या मोड आणलेल्या जवापासून गाळलेली ती सिंगल माल्ट. ब्लेंडेड म्हणजे अनेक ठिकाणच्यांचा मिलाफ. लोक सिंगलचा फार तोरा मिरवतात. मला मात्र ब्लेंडेडविषयी उगाच जिव्हाळा वाटतो, आणि माझं लग्न ठाऊक असलेल्या तुम्हाला त्याचं कारण विचारावं लागणार नाही. आपल्याकडच्या स्वस्त बाटल्यांची कथा तर आणखी गमतीची. नाव परदेशी, लेबलावर डोंगर-किल्ले परदेशी, आणि आतला पुष्कळसा मद्यार्क मात्र उसाच्या मळीतून काढलेला! पारगावच्या बाजूला साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या रिकाम्या होताना मी पाहतो, तेव्हा मनात येतं की यातलीच थोडी मळी कोट-टाय घालून, नाव बदलून, उद्या एखाद्या फळीवर ऐटीत उभी राहील. आपल्याच गावचा मुलगा पुण्याहून चार महिन्यांनी परतला की हिंदी बोलायला लागतो, तसं हे.

पिंपांविषयी वाचलं तेव्हा मी खरोखर हरखलो. ज्या लाकडी पिंपात पूर्वी दुसरी एखादी द्राक्षाची मदिरा राहून गेलेली असते, त्यात ही व्हिस्की मुरवतात, आणि त्या आधीच्या रहिवाशाचा सुगंध हिच्यात उतरतो. लिंबाच्या लोणच्याच्या बरणीत, कितीही धुतली तरी, पुढच्या वर्षी घातलेल्या आंब्याला लिंबाची एक चाहूल लागते, हे कोणत्या घराला ठाऊक नाही? माणसंसुद्धा ज्या घरात मुरतात त्या घराचा वास घेऊनच बाहेर पडतात. उज्ज्वला नऊ वर्षं माझ्या घरात आहे, पण भाताला आधण ठेवताना तिचा हात अजून आप्पांच्या घरच्या मापानेच पाणी ओततो.

आणि सर्वांत मोठा साक्षात्कार वयाचा. लेबलावर बारा वर्षं लिहिलेली असतात, ती पिंपात काढलेली वर्षं. अनेक पिंपांतली दारू एकत्र केली असेल, तर त्यातल्या सर्वांत धाकट्या थेंबाचं वय लिहायचं, असा कायदा आहे! किती प्रांजळ कायदा हा! आपल्याकडे एकत्र कुटुंबाचा मोठेपणा सर्वांत थोरल्या म्हाताऱ्यावरून सांगतात. इथे मात्र शेंडेफळाचं वय पाहून साऱ्या घराचं वय ठरतं. आणि एकदा का बाटलीत भरून बूच लागलं, की वय थांबलं. मग ती शंभर वर्षं ठेवा, ती बाराचीच राहणार. मुरणं ते लाकडात, काचेत नाही.

हे वाचलं त्या रात्री मला आप्पांच्या कणगीची आठवण होऊन हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. आमच्या डोंगरपट्ट्यात जुन्या भाताचा मोठा सन्मान. नव्या तांदळाचा भात चिकट, घरच्यांनी खावा. जुन्याचा मोकळा, सुवासिक, तो पाहुण्यांसाठी राखावा. आप्पांना वाटत होतं, जसा भात जुना होतो तशी त्यात ठेवलेली बाटलीही जुनी होत जाईल. त्यांना हे सांगावं तरी कसं, की तुमची कणगी तिच्या बाबतीत काहीच करत नाहीये?

मी सांगितलं नाही. दर जत्रेला मात्र नवी बाटली नेत राहिलो, दरवर्षी अधिक विद्वत्तेने निवडलेली. एका वर्षी धुरकट वासाची, एका वर्षी द्राक्षमदिरेच्या पिंपातली, एका वर्षी आपल्याच देशातली पण परदेशात वाखाणलेली. दुकानदार मला ओळखू लागला. अर्धा अर्धा तास लेबलं वाचून एकच बाटली घेणारं आणि तीही न पिणारं हे एकमेव गिऱ्हाईक, म्हणून तो मला बसायला स्टूल देऊ लागला. आणि दरवर्षी आप्पा दोन्ही हातांनी बाटली घेत, कणगीत हात खुपसत, आणि अंगणात येऊन आपली साधी बाटली फोडत. दरवर्षी मी उठून पडवीत जाई. उज्ज्वलाने एकदा त्यांना विचारलं होतं, तेव्हाही ते पिकू दे एवढंच म्हणाले. जावई आणि सासरा यांच्यामध्ये आमच्याकडे अदबीचं एक असं धुकं असतं की त्यातून थेट प्रश्न विचारता येत नाही. आप्पा प्रेमळपणे माझी विचारपूस करत, पान वाढलं की माझ्या पानात आधी काय पडतंय ते पाहत, सारं काही नीट करत. पण ती बाटली फुटत नव्हती, आणि ती फुटत नाही तोवर या माणसाने मला आपलं म्हटलेलं नाही, हा काटा माझ्या मनातून निघत नव्हता. इतकं होऊनही मी हट्टाने चालूच ठेवलं, कारण दुसरं काही मला सुचत नव्हतं.

यंदाच्या चैत्रात मात्र कणगीनेच निकाल लावला. जत्रेच्या आदल्या दिवशी आम्ही पोहोचलो तर कणगीच्या बुडाला वाळवी लागल्याचं आढळलं. भात उपसून पत्र्याच्या कोठीत भरायचं ठरलं. मी बाह्या सरसावल्या. सासूबाई सूप घेऊन बसल्या, आप्पा कडेला खाटेवर. वय ऐंशीच्या घरात गेलंय, गुडघे बोलतात, पण देखरेख त्यांचीच. जसजसा भात कमी होऊ लागला, तसतशा माझ्या बाटल्या एकामागून एक वर येऊ लागल्या, तुसांनी माखलेल्या, खोक्यांचे रंग उडालेल्या. मी त्या खोक्यांतून काढून, पुसून अंगणातल्या घोंगडीवर उभ्या केल्या. तिरकं ऊन त्यांच्यात शिरलं. माझी सारी विद्या, सारा रुसवा, माझे सारे चैत्र तिथे ओळीने उभे होते. सासूबाई सूप थांबवून त्या रांगेकडे बघत राहिल्या आणि आप्पांना म्हणाल्या, “ह्या काय आता बियाण्याला ठिवल्यात का?”

मला हसू आलं. धुकं बाजूला सारायला माणसाला कधी कधी दुसऱ्याचा विनोद पुरतो. मी घोंगडीच्या कडेला बसलो आणि आप्पांना विचारलं की यांतली एकही तुम्हाला आवडली नाही का.

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वेड्यासारखं विचारलं होतं. टोपी काढून मांडीवर ठेवली, त्या कचेरीत ठेवली होती तशीच, आणि म्हणाले, “पावणं, जावयानं आनल्याली बाटली जावई शेजारी बसल्याबिगर फोडत न्हाईत. आमच्या बापजाद्यापासनंची रीत हाय. तुमी घेत न्हाई, आन तुमास्नी घ्या म्हनलं तर तुमच्या वडलांचा शबुद मोडायचा. मंग मी येकट्यानं कशी फोडावी?”

ते पुढे सांगत राहिले. माझ्या शेजारी कोण बसेल, कोण नाही, याची त्यांनाही पहिल्या वर्षी धाकधूक होती; म्हणून ते घोंगडीवर आपल्या उजव्या हाताची जागा माझ्यासाठी धरून ठेवत. भावकीतल्या कुणाला तिथे टेकू देत नसत. आणि बाटली यायच्या आधीच मी उठून जाई. “जागा तशीच ऱ्हायची,” आप्पा म्हणाले. “दर साली.”

वाचकहो, लेबलांवरची किती वाक्यं मी मान वाकडी करून करून वाचली होती! बारीकातला बारीक मजकूर, उत्पादनाचा महिना, मद्यार्काचं प्रमाण, कोणत्या राज्यात विक्रीस आहे ते. आणि अंगणातल्या घोंगडीवरची ती हातभर मोकळी जागा, माझ्यासाठी राखलेली, मला एकदाही दिसली नव्हती. ज्याला मी नकार समजत होतो, तो एका म्हाताऱ्या माणसाने दोन धर्मांचा एकाच वेळी राखलेला मान होता. आपल्या बापाची रीत मोडायची नाही आणि माझ्या बापाचा शब्दही मोडू द्यायचा नाही, यासाठी त्याने माझी प्रत्येक बाटली भातात पुरली होती. मला त्या क्षणी फार भरून आलं, आणि फार आनंद झाला, आणि स्वतःचा थोडासा रागही आला, पण आनंदच अधिक.

मी नुसता ताकाचा पेला घेऊन शेजारी बसलो तर रीत पाळली जाईल का, असं मी विचारलं. आप्पा म्हणाले, “रीत शेजारी बसायची हाय. पेल्यात काय हाय ते कोन बगतंय?”

मग हे आधी का नाही मागितलंत, असं मी म्हणालो, तर त्यांनी मान हलवली. “जावयाकडं मागत्यात व्हय?”

दुसऱ्या दिवशी घाटात गाड्या पळाल्या, धूळ उडाली, गुलाल उडाला, आणि सूर्य डोंगराआड जाण्याआधीच अंगणात घोंगड्या पडल्या. आप्पांच्या उजव्या हाताला मी बसलो. सासूबाईंनी माझ्यासमोर जिरं-कोथिंबीर घातलेल्या ताकाचा तांब्या आणून ठेवला. भावकी जमली. कुणी चुळबुळ केली असेल तर केली असेल. मी त्या दिवशी तिकडे पाहिलंच नाही. आप्पांनी सर्वांत पहिल्या वर्षीची बाटली मागवली, बूच सोडवलं, आपला पेला भरला, आणि माझ्या ताकाच्या पेल्याला तो असा टेकवला की पेठच्या दुकानात फळीवर होते तशी किणकिण झाली. त्यांनी एक घोट घेतला. डोळे मिटून बराच वेळ तो तोंडात फिरवला. मग कौतुकाने बाटलीकडे पाहून त्यांनी विचारलं की आता ही किती वर्षांची झाली असेल.

आता काय सांगावं? त्यांच्या कणगीची इतक्या वर्षांची श्रद्धा मोडावी की राखावी? पण ज्या माणसाने माझ्याशी इतकं खरं वागणं ठेवलं, त्याला गोड असत्य सांगणं मला जमेना. मी सांगितलं की ती बाराचीच आहे. बाटलीत गेल्यावर तिचं वय वाढत नाही. आप्पांनी क्षणभर विचार केला. “बरं हाय बाबा तिचं,” ते म्हणाले, आणि सारं अंगण हसलं. मग त्यांनी दुसरा घोट घेतला आणि तरीही निर्वाळा दिला की मुरलीय, चांगली मुरलीय. कायद्याने ते चूक होतं. पण त्या संध्याकाळी त्यांच्याशी वाद घालणारा विद्वान निदान मी तरी नव्हतो.

जेवणं झाल्यावर सासूबाईंनी उरलेल्या बाटल्यांचं काय करायचं ते विचारलं, कारण नव्या पत्र्याच्या कोठीत त्यांना त्या नको होत्या. आप्पांनी फर्मान काढलं की आता दर जत्रेला एक, आणि तीही पावणं शेजारी असतील तरच. सासूबाईंनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या की अजून आठ आहेत. आप्पा हात धूत होते. हात धुता धुताच, नेहमीच्या कोरड्या सुरात, ते म्हणाले, “मंग आठ जत्रा तरी मी कुटं जात न्हाई.”

सगळे पुन्हा हसले. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्याबरोबर जुन्नरला आलं, वर्गात आलं, झोपेतही आलं. ऐंशीच्या घरातल्या माणसाने किती सहज आपली मुदत माझ्या हाती सोपवली होती!

पुढच्या आठवड्यात उत्तरपत्रिका तपासायला पुण्याला निघालो होतो. पेठ आलं तशी गाडी आपसूक बाजूला घेतली. उन्हं कलली होती, फळ्यांवर तोच मधाचा, काकवीचा, पितळेचा उजेड होता. दुकानदाराने मला पाहून सवयीने स्टूल पुढे केलं आणि वरच्या फळीवरच्या, नव्यानेच आलेल्या दोन-चार बाटल्या वाचायला म्हणून खाली काढू लागला. मी त्याला थांबवलं. आज बसायला वेळ नाही, कोणतीही चांगलीशी काढून द्या, दोन द्या, असं मी म्हणालो. लेबल न वाचता मी बाटली घेतोय, तीही जत्रा होऊन गेल्यावर, हे त्याला नवलाचं वाटलं असावं. त्याने दोन बाटल्या काउंटरवर ठेवल्या आणि त्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या. मी त्याच्या हातांकडे पाहत उभा होतो. आठ आणि दोन, दहा. माझ्या मनाने बेरीज केली, आणि ती मला पुरेना.

“तीन द्या,” मी म्हणालो.